बिनधन्याचे दोन बुधले

माणूस गेला की त्याचे कपडे वाटता येतात, त्याच्या चपला टाकता येतात. पण त्यानं गाळलेला द्राक्षारस मागे राहिला तर त्याचं काय करायचं? झरीफानं तो डोळ्यांत तेल घालून जपला होता. तिचा नवरा मुराद हिवाळ्यात गेला. त्याआधीच्या उन्हाळ्यात त्यानं केलेल्या रसाचे काचेचे दोन बुधले कोठीत होते. आज रात्री ज्यूंचा वल्हांडणाचा सण लागणार होता, तो गेल्यानंतरचा पहिला. पिन्हासनं, थोरल्यानं, बापाच्या जागी बसावं आणि बापाच्या हातचा रस प्याल्यांत ओतावा, एवढं एकच तिच्या मनात होतं.

पण रस सातव्या वर्षाचा. धर्माच्या नियमानं दर सातव्या वर्षी जमिनीनं आराम करायचा, छाटणी नाही, पेरणी नाही, आणि वेलीवर जे आपसूक येईल ते देवाचं, म्हणजे येईल त्या माणसाचं. मुरादनं मळ्याचं फाटक बिजागरीतून काढून ठेवलं होतं. जेरुसलेमहून बसगाड्या भरभरून माणसं आली, घड खाल्ले, वेली तुडवल्या, मुरादच्या श्रद्धेचे गोडवे गायले आणि कागदाचे बोळे टाकून गेली. शेवटी सांदीकोपऱ्यात जे उरलं त्याचे हे दोन बुधले. आणि त्यालाही नियम होताच. वल्हांडण आला, रानात घड उरला नाही, की असा रस घरात कोंडून ठेवायचा नाही. तो रस्त्यावर आणून तीन माणसांसमोर सोडून द्यायचा, ज्याला हवा त्यानं न्यावा. कुणी नेला नाही तर उचलून परत घरात. हे केलं नाही तर त्याला तोंड लावायचं नाही.

लोक काय करतात, तर घरचीच, बिनधोक तीन माणसं बोलावतात. मुरादला त्याची चीड होती. "देवाशी कसली लबाडी करता रे?" म्हणायचा, आणि दर खेपेला बुधले घेऊन सरळ बस थांब्यावर जाऊन उभा राहायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायचा. लोक हसायचे, कुणी नेलं मात्र कधी नाही. झरीफा तोवर घरात जीव मुठीत धरून बसलेली असायची.

तिची काही एवढी छाती नव्हती. तिनं शाबोला बोलावलं. शाबो सिनेगॉगचा कारभारी आणि मुरादचा जन्माचा दोस्त. दुसरा शेजारचा योना, कानानं अधू, आणि साखरेच्या दुखण्यानं त्याला रसाचा थेंब चालत नव्हता. तिसरा गल्लीतला न्हावी येणार होता, तर त्याची ऐन सणाला कंबर धरली.

"तिसऱ्याशिवाय चालायचं नाही, वहिनी," शाबो म्हणाला. "आणि लवकर उरका. सण लागायच्या आत मला अजून घरातलं उरलंसुरलं खमीर जाळायचंय."

तेवढ्यात पिन्हासची गाडी दारात थांबली. त्यानं बेखमीर भाकरींचे डबे, अंडी, कोंबडी असं सगळं उतरवलं आणि नेहमीसारखं मागच्या दारानं आत नेऊन ठेवलं. झरीफाला हायसं वाटलं. पोटच्या पोराइतकं बिनधोक माणूस कोण?

"पिन्हास, ये रे, जरा तिसरा म्हणून उभा राहा."

"कशाला?"

"बाबांचा रस सोडायचाय. दोन मिनिटांचं काम."

तो येऊन उभा राहिला. बुधले कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला ठेवलेले होते. झरीफानं पदर सारखा करावा तसा डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि म्हणाली, "इस्राएलच्या भावांनो, ज्याला लागेल त्यानं यावं आणि न्यावं."

शाबोनं रीतीप्रमाणे आभाळाकडे पाहिलं. योनाला ऐकूच आलं नव्हतं, तो शाबोकडे बघून मान डोलवत होता. पिन्हास वाकला आणि त्यानं दोन्ही बुधले उचलले.

"बघा, पोर कसं आईच्या मदतीला धावतं," शाबो कौतुकानं म्हणाला.

पण पिन्हास घराकडे वळला नाही. तो गाडीकडे गेला, डिकी उघडली आणि बुधले आत ठेवून भोवती घोंगडी खोचू लागला. झरीफा भराभर त्याच्यामागे गेली.

"हे काय करतोयस?"

"तूच म्हणालीस ना, न्या म्हणून?" त्यानं आवाज खाली ठेवला होता. "मी रात्री येत नाहीये, आई. मुलांना घेऊन सासऱ्यांकडे चाललोय. हेच सांगायला आलो होतो. रस आपणहून समोर आला."

"अरे, बाबांचा शेवटचा रस आहे तो."

"माहीत आहे. मलाही बाबांचं काहीतरी हवंय."

"पिन्हास."

"त्या वर्षी पीठ कुणी आणलं, आई? तेल, तांदूळ, तुमची औषधं? बस चालवायच्या जादा पाळ्या मी केल्या, माझी पोरं मला झोपलेलाच बघायची. आणि तू म्हणालीस, मागच्या दारानं आण, त्यांना कळू देऊ नकोस, मोडून पडतील. बरं, नाही कळू दिलं. मग दर आठवड्याला शब्बाथच्या सुट्टीला मी त्यांच्यासमोर जेवायला बसायचो, आणि ते माझ्याच कोंबडीची तंगडी हातात धरून मला म्हणायचे, बघ रे अश्रद्धा, देव कसा पुरवतो ते. तू शेजारी बसून वाढत असायचीस."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

"मरतानासुद्धा काय म्हणाले? देव तुला थोडी तरी श्रद्धा देवो, पोरा. तू उशाशी होतीस. तेव्हा तरी तोंड उघडायचंस."

"मरणाऱ्या माणसाला काय सांगू मी?"

"मग आता सांग. ते मेलेत, आता मोडायचे नाहीत." त्यानं कुंपणापाशी उभ्या असलेल्या दोघांकडे मान वळवली. "शाबोकाकांना जाऊन सांग, त्या वर्षी घर पिन्हासनं चालवलं. एवढंच बोल. दोन्ही बुधले तुझ्या टेबलावर ठेवतो, आणि रात्री पोरांना घेऊन येतो."

एवढंसं मागणं होतं. कुणीही देऊन टाकलं असतं. पण शाबो म्हणजे सगळा गाव. मुरादच्या श्रद्धेची गोष्ट तो सिनेगॉगमध्ये परगावच्या पाहुण्यांना सांगायचा, पोरांना सांगायचा, मुरादच्या कबरीवरच्या दगडावर काय कोरायचं तेही त्यानंच ठरवलं होतं. झरीफानं तोंड उघडलं. मुरादचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तिनं ते मिटलं.

पिन्हास थांबला. चांगला बराच वेळ थांबला, उगाच घोंगडीचं टोक पुन्हा खोचत राहिला. मग त्यानं डिकी लावली.

"सण सुखाचा जावो, आई," तो म्हणाला आणि गाडी घेऊन निघून गेला.

शाबो जवळ आला तो गदगदलेला. "काय श्रद्धा म्हणायची, वहिनी. मुरादचा शेवटचा रस खरोखरच देऊन टाकलात, त्याच्याही पुढे गेलात. आज संध्याकाळी सगळ्यांना सांगतो मी."

आणि मग तिचा बांध फुटला. त्याचा उपयोग संपल्यावर फुटला, पण फुटला. "काही सांगू नका, शाबो. कसली श्रद्धा घेऊन बसलात? त्या वर्षी आमच्या घरात देवानं काही पाठवलं नाही. सगळं पिन्हासनं आणलं, मागच्या दारानं. मीच मुरादपासून लपवलं. त्या पोराला मी चोरासारखं वागवलं."

शाबो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, उलट थोडा संकोच होता.

"अहो, ते होय," तो म्हणाला. "मुरादला ठाऊक होतं की."

"काय ठाऊक होतं?"

"सगळंच. रात्री मागचं दार वाजतं, ते काय त्याला कळत नव्हतं? मला म्हणाला होता, शाबो, पोराचे आभार मानले तर मला त्याच्या दारचा भिकारी व्हावं लागतं. देवाचे मानतो, ते सोपं जातं."

झरीफानं कुंपणाला हात टेकला. "मग एकदा तरी पोराला सांगायचं होतं त्यानं, मला कळलंय म्हणून."

"मी म्हटलं होतं तसं त्याला. तर म्हणाला, मी कशाला सांगू, झरीफा सांगेल ना. ती आई आहे, तिला राहवणार नाही." शाबोनं घड्याळ पाहिलं. "चला वहिनी, उशीर होतोय, खमीर जाळायचंय."