रमाई अभ्यासिका, भीमनगर, जिंतूर

सकाळी साडेदहा वाजता राजेश्रीने सिद्धोधनच्या रेझ्युमेतून आश्रुबांचं नाव काढलं.

“बापाचं नाव काढायलीस व्हय?” तिच्या खुर्चीमागे उभे असलेले आश्रुबा म्हणाले.

“मामा, तिथं कुणाच्याच बापाचं नाव नसतं.”

“मग पोरगं कुणाचं ते कळावं कसं?”

“कळायची गरजच नाही. काम येतं का, एवढंच बघतात.”

आश्रुबांनी मान डोलावली. एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. काम येतं का एवढंच बघतात, हे त्यांना पटलं. ते पलंगाच्या कडेला बसले. शेजारच्या स्टुलावर त्यांचा मुलगा सिद्धोधन लॅपटॉपकडे मान ताणून बसला होता.

राजेश्री आश्रुबांच्या बहिणीची मुलगी. लहानपणीच वडील गेले आणि ती आईबरोबर याच घरात वाढली. आता पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती टीम लीड होती. आईला जाऊन वर्ष झालं होतं, कालच्या पुण्यानुमोदनासाठी ती आली होती, आज दुपारी जेवून निघणार होती. कंपनी नवी मुलं घेत होती आणि प्रत्येकाला एका उमेदवाराचं नाव सुचवता येत होतं. मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत.

“माझ्या रेफरलवर आलं की रेझ्युमेच्या वरच माझं नाव दिसतं,” ती म्हणाली. “मग ढिगात जात नाही. थेट माझ्या मॅनेजरसमोर.”

ढिगात जाणं काय असतं ते सिद्धोधनला माहीत होतं. इंजिनिअरिंग होऊन दोन वर्षं होत आली होती आणि एका अर्जालाही उत्तर आलं नव्हतं. वर्गातला योगीराज दोन विषय मागे ठेवूनही हिंजवडीत लागला होता, कारण त्याच्या चुलत्याने नाव सुचवलं होतं.

राजेश्री एकेक ओळ पुसत गेली. निळ्या पडद्यापुढचा फोटो गेला. धर्म, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख गेली. ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ ही शेवटची शपथ गेली. बसस्टँडसमोरच्या संगणक केंद्रात तालुक्यातल्या सगळ्या पोरांचे रेझ्युमे एकाच साच्यातून निघत. नाव आणि फोटो तेवढा बदलायचा.

“छंद, गाणी ऐकणे,” तिने मोठ्याने वाचलं.

“गाणे ऐकायचा पगार देणार हायत का?” लसूण सोलत बसलेल्या बायनाबाईंनी विचारलं.

“मामी, बघा की. क्रिकेट पण लिहिलंय यानं. आयुष्यात बॅट धरली का रे?”

“ते केंद्रवाल्यानं टाकलं,” सिद्धोधन हसत म्हणाला. “काढ. लय भंगार दिसायलंय.”

मग ती प्रोजेक्टवर आली आणि थांबली. ही ओळ केंद्रवाल्याची नव्हती. रमाई अभ्यासिका, भीमनगर, जिंतूर, येथील आसनव्यवस्थेचं ॲप. अभ्यासिका घरासमोरच होती. पोलीस भरती, तलाठी, बँका, सगळ्या परीक्षांची पोरं तिथं बसत. पूर्वी पहाटेच येऊन खुर्चीवर दप्तर टाकून जायची आणि दिवसभर भांडणं. सिद्धोधनने ॲप केलं. नेट गेलं तरी ते चालायचं, आलं की जुळवून घ्यायचं. सोनपेठच्या आणि ताडकळसच्या अभ्यासिकांनीही ते मागून नेलं होतं.

“हे तू एकट्याने केलंस?”

“मग काय जावयानं?”

“चांगलंय.” तिने दोनतीन प्रश्न विचारले. एकाच खुर्चीवर दोघांनी एकदम बोट ठेवलं तर काय होतं? सिद्धोधनने सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, त्याने कागदावर आकृती काढून दाखवली. “माझ्या टीममधल्या दोघांना हे नीट सांगता येणार नाही,” ती म्हणाली. आश्रुबांनी बायनाबाईंकडे पाहिलं.

तिने ती ओळ निवडली आणि नव्याने लिहिली. ‘एका स्थानिक ग्रंथालयासाठी आसनव्यवस्थेचं ॲप.’ वरचा पत्ताही बदलला. भीमनगर पुसलं, जिंतूर ठेवलं.

“स्थानिक म्हंजे?” सिद्धोधनने विचारलं.

“असंच लिहितात. नाव महत्त्वाचं नसतं.”

“मुलाखतीत विचारलं, कुठलं ग्रंथालय, तर?”

“जिंतूरचं म्हण.”

“नाव विचारलं तर?”

“सिद्धू, कुणी विचारत नाही.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती उठून दारात गेली, पण घर दोन खोल्यांचं होतं.

“बोल वैष्णवी. हो गं, गावीच आहे. मामांच्या मळ्यात.” ती थांबली, मग हसली. “ऊस आहे, विहीर आहे, सगळं आहे. हुरड्याला? या की सगळे. जानेवारीत ठरवू.”

बायनाबाईंच्या हातातली पाकळी तशीच राहिली. आश्रुबांच्या नावावर या घराखालची जागा होती, तेवढीच. ते उठले, खुंटीवरचा टॉवेल घेतला, त्याची घडी केली आणि पुन्हा खुंटीवर ठेवला.

राजेश्री येऊन खुर्चीवर बसली. तिने माऊसवर हात ठेवला.

“कुठला मळा, ताई?” सिद्धोधनने विचारलं.

“ऑफिसातली आहे. तिला काय सगळं सांगत बसू?”

“ऊस कधी लावला आपण? मला कळलंच न्हाई. आण्णा, पाणी द्यायला जायचंय का आज?”

“सिद्धू,” आश्रुबा म्हणाले.

“न्हाई, विचारायलोय फक्त. हुरड्याला लोक यायलेत म्हणं. कोणत्या धुऱ्यावर बसवायचे?”

राजेश्रीने लॅपटॉप अर्धवट मिटला. “पहिल्या कंपनीत मी भीमनगर सांगितलं होतं,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “विचारलं म्हणून सांगितलं. तिसऱ्या महिन्यापासून माझ्या प्रत्येक कामाला ‘कोट्यातली’ लागलं. खाजगी कंपनीत कोटा कुठून आला, असं एकानेही विचारलं नाही. चहाला उठले की टेबल रिकामं. तुला अभ्यासिकेत बसून हे कळणार नाही.”

“तू पण तिथंच बसली होतीस. बारावीला. आत्या डबा आणून द्यायची.”

“म्हणूनच सांगतेय तुला. आधी आत जा. मग काय ओरडायचं ते ओरड.”

“तू गेलीस की आत. नऊ वर्षं झाली. कधी ओरडायलीस?”

राजेश्रीने लॅपटॉप पुन्हा उघडला. सिद्धोधन स्टुलावरून उठला होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“माझ्या नावातच सगळं हाय, ताई. सिद्धोधन. महाराष्ट्रात कुणाला कळायचं राहतंय का? पुढं आडनाव वाव्हळे. नाव न्हाई काढलंस तू. ओळ काढलीस. का? मला वाटलं माझ्यासाठी काढायलीस.” त्याने पडद्याकडे बोट केलं. “वर तुझं नाव येतंय. खाली भीमनगर आलं की मॅनेजर विचारणार, हा कोण तुझा? माझं न्हाई गं कळणार त्याला. तुझं कळणार.”

बाहेर अभ्यासिकेच्या दारात कुणीतरी मोटारसायकल लावत होतं.

“मी तुझ्यासाठीच करतेय,” राजेश्री म्हणाली.

“कर की. पण मग माझ्या कामाला कशाला हात लावायलीस?”

“पोरा, आवाज कमी कर,” बायनाबाई म्हणाल्या. “लेक हाय घरची. जेवून जायचंय तिला.”

आश्रुबा भाचीकडे पाहत होते. “त्या बाईला सांगायचं होतं,” ते सावकाश म्हणाले, “की मामा एसटीत होता. त्याच्यात काय वाईट हाय? शिवशाहीचं इंजिन उतरवलंय म्या.”

राजेश्रीने खाली पाहिलं. “मामा, तुमचं काही वाईट नाही.”

“मग?”

तिने फाईल सिद्धोधनच्या मेलवर पाठवली आणि लॅपटॉप मिटला.

जेवताना बायनाबाईंनी तिच्या ताटात तिसरी भाकरी टाकली, ती तिने तशीच ठेवली. निघताना ती मामामामींच्या पाया पडली. गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाली, “लिंक पाठवलीये. मी केलेली फाईल मेलवर आहे. सहाच्या आत चढव. तुझ्या बाजूनं एवढंच काम आहे. बाकी मी रस्त्यात करीन.”

“बाकी म्हंजे?”

“मला होकार द्यावा लागतो. उमेदवाराशी नातं काय ते भरावं लागतं.”

“काय भरणार?”

“परिचित,” ती म्हणाली आणि काच वर केली.

सिद्धोधनने तिची फाईल उघडली. ती चांगली होती. स्वच्छ, एका पानाची, कुठं एक शब्द जास्त नाही. ही पाठवली तर मुलाखत येणार, हे त्याला कळत होतं. मुलाखत आली तर आपण उत्तरं देऊ, हेही कळत होतं. मग आश्रुबांनी आतून विचारलं, “पाठवलं का?”

“पाठवायलोय.”

त्याने फोटो परत घातला नाही. बापाचं नाव घातलं नाही, छंद नाहीत, शपथ नाही. तिने काढलेलं सगळं निघालेलंच ठेवलं. फक्त एक ओळ पुन्हा टाईप केली, जुनी होती तशी, पूर्ण पत्त्यासकट. वरच्या पत्त्यात भीमनगर लिहिलं. टाईप करताना तो बटणं इतक्या जोराने दाबत होता की बायनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्याने फाईल चढवली.

मंठ्याच्या पुढून राजेश्रीचा फोन आला. मागून ट्रकचे आवाज येत होते.

“काय चढवलंस तू?”

“जे हाय ते.”

“बदल. अजून बदलता येतं. वेळ आहे.”

“न्हाई बदलणार.”

“सिद्धू, माझ्या नावाने जातंय ते. तुला कळतंय का मला काय करायला लावतोयस?”

“कळतंय. तू नको म्हणलीस तर नको. तिथं नकाराचं पण बटण असंल की.”

“तुझी नोकरी आहे ही!” ती ओरडली. पुण्याचं सगळं उतरलं होतं तिच्या आवाजातून. “मायच्या वर्षाला आले मी, भांडायला न्हाई आले. मी काय लिहू तिथं? सांग. काय लिहू?”

“मामेभाऊ लिही,” सिद्धोधन म्हणाला.

पलीकडे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग फोन कट झाला.

आश्रुबा बाहेर येऊन स्टुलावर बसले होते. सिद्धोधनने कंपनीचं पान पुन्हा उघडलं, पुन्हा उघडलं. सहाला दहा मिनिटं कमी असताना त्यावरची एक ओळ आपोआप बदलली. सुचवणाऱ्याने होकाराचं पान उघडलं आहे, असं तिथं आलं. नात्याचा रकाना अजून रिकामा होता.