इथे होत नाही

"सिस्टर, खरं सांगा. मी वाचीन का?"

देवश्रीनं सिस्टर सलोमींना विचारलं तेव्हा नर्स रीना तिचं सलाईन बदलत होती. पाचव्या महिन्यातच देवश्रीचं पाणी गेलं होतं. ताप चढत चालला होता आणि पोटातल्या बाळाचं काळीज मात्र अजून धडधडत होतं. मिशनच्या या दवाखान्यात बाळाचं काळीज चालू असताना गर्भ काढून पोट मोकळं करत नसत. तो त्यांच्या धर्माचा नियम. रीना बौद्ध घरातली. इतकी वर्षं तिनं तो मुकाट्यानं पाळला होता. आज नन आणि डॉक्टर असलेल्या सिस्टर सलोमी काय सांगतात, याची तिला धास्ती होती.

जशपूरकडच्या सिस्टर सलोमी पलंगावर टेकल्या. त्यांनी काहीच झाकून ठेवलं नाही. बाळ जगायची आशा नव्हती आणि वाट पाहत बसलं तर विष आईच्या रक्तात भिनणार होतं. पोट मोकळं करणं हाच उपाय, आणि तो मागायचा तुला पुरा हक्क आहे, असंही त्यांनी सांगितलं.

"मेरे हाथ से नहीं होगा, बेटी," त्या म्हणाल्या. "मगर जहाँ होगा, वहाँ मैं साथ चलूँगी."

देवश्रीनं नवऱ्याकडे पाहिलं. शेखर भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग तीच बोलली, "मले जगाचं आहे. घरी माही पोट्टी आहे."

सिस्टरनी सरकारी दवाखान्यात फोन करून तयारी ठेवायला सांगितलं आणि देवश्री, शेखर व रीनाबरोबर स्वतःही अँब्युलन्समध्ये चढल्या. नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून शहरात गाड्या मावत नव्हत्या. सदर बाजारात अँब्युलन्स अडकली, तेव्हा त्या खाली उतरल्या आणि हात पसरून, स्कूटरवाल्यांना बाजूला सारत पुढे चालत राहिल्या. रीना काचेतून बघतच राहिली. जे काम ही बाई पाप मानत होती, त्याच्याच वाटेतली गर्दी ती हटवत होती.

ऑपरेशन थिएटरबाहेर सिस्टर डोळे मिटून बसल्या. ओठ हलत होते. शेखरनं दबक्या आवाजात विचारलं, "कोणासाठी मागून राहिल्या, सिस्टर?"

"दोनों के लिए."

देवश्री वाचली. शुद्धीवर आल्यावर बाळ पाहायचंय का, असं सिस्टरनी तिला विचारलं. तिनं होकारार्थी मान हलवली. सिस्टरनी डोक्यावरचं पांढरं वस्त्र सोडलं, त्यात ते ओंजळीएवढं बाळ गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं. त्यांचं उघडं डोकं रीनानं कधीच पाहिलं नव्हतं. बारीक कातरलेले, पिकलेले केस.

तुमच्यात पुढं काय करतात, असं सिस्टरनी विचारलं.

"लहान लेकराले मातीत ठेवतात," देवश्री म्हणाली.

"हव," सिस्टर मान डोलावून म्हणाल्या.

त्या बाळ घेऊन निघाल्या. शेखर त्यांच्या मागं. वॉर्डातल्या गलक्यातून ते उघडं डोकं सावकाश दाराकडे जात होतं. स्टुलावर बसलेली रीना कधी उठून उभी राहिली, हे तिचं तिलाच कळलं नाही.