ओळखीची चौकट

आलेख काढणाऱ्या नव्या मशीनने 'फ' लिहिला. मग पेन उचललं, थोडं पुढे सरकलं आणि 'ग' लिहिला. पुन्हा पेन उचललं, पुन्हा सरकलं आणि घरघर करत कागदाच्या कडेला जाऊन थांबलं.

आम्ही चौघे टेबलाभोवती उभे होतो. पांढुर्ण्याच्या आमच्या संत्रा संशोधन केंद्राचे प्रमुख घाटे साहेब, संशोधन सहायक जयश्री मॅडम, आलेख हाताने शाईत काढणारे आमचे ट्रेसर हिरामणजी आणि मी, म्हणजे श्रीधर, या ऑफिसचा टायपिस्ट. झाडाखाली गळून पडणाऱ्या फळांचा आलेख होता आणि त्यावर मथळा हवा होता 'फळगळ'. कागदावर आलं होतं नुसतं 'फ ग'.

"याच्यात ळ नाही, सर," जयश्री मॅडम म्हणाल्या. "भोपाळच्या मुख्यालयातून फ्लॉपी आली तिच्यात हिंदीची अक्षरं आहेत. ळ त्यांनी टाकलाच नाही."

"मग ल टाका. फलगल," साहेब म्हणाले.

"फलगल कोणाला समजणार आहे, सर?"

 हिरामणजी कागदावर वाकून आलेखाची खालची चौकट न्याहाळत होते. कोणती रेघ कशाची हे सांगणारी ती चौकट. साहेब तिला लेजंड म्हणायचे आणि हिंदी फायलींत तिला 'संकेत' म्हणत. हिरामणजींनी मात्र नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिथे सुबक अक्षरात 'ओळख' असं लिहिलं होतं. वाचणाऱ्याला रेघेची ओळख नको का करून द्यायला, हा त्यांचा सवाल. तीस वर्षं ते तसंच चालू होतं. मशीनने तिथे 'ओ ख' लिहिलं होतं.

ही १९८८ च्या जानेवारीतली गोष्ट. मशीनचं हे असं झाल्यामुळे साहेबांनी ठरवलं की शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या पुस्तिकेतले अकरा आलेख हिरामणजींनीच काढायचे. फेब्रुवारीअखेर ते रिटायर होणार होते. साहेब जाता जाता म्हणाले, "आणि शेवटच्या पानावर तुमचं नावही टाका. रेखाटन म्हणून."

हिरामणजींनी नुसती मान हलवली. पण त्या दिवशी त्यांनी ब्लेडने निब तीन वेळा खरवडून साफ केली, हे मी माझ्या टेबलावरून पाहिलं. तीस वर्षांत पांढुर्ण्याहून जेवढे आलेख छापून गेले ते सगळे त्यांच्या हातचे आणि नावं छापली जायची साहेबलोकांची. त्यात कोणाला काही वावगंही वाटत नसे. मलाही नाही.

त्यांच्या नावाची गोष्ट निराळीच होती आणि तिच्यात माझा हात आहे. त्यांचं आडनाव ढवळे. आमच्याकडे बोलताना ळ चा य होतो. डोळ्याला डोया म्हणतात, फळाला फय. त्यामुळे गावात ते ढवये. ऑफिसात माझा टाइपरायटर हिंदी, त्यावर ळ ची कळच नाही. त्यामुळे सर्व्हिस बुकात, पगारपत्रकात, रजेच्या प्रत्येक अर्जावर एकोणीस वर्षं मी ठोकत आलो 'हीरामन ढवले'. त्याआधीच्या टायपिस्टनेही तेच केलं होतं, पण ती पळवाट झाली. शाईचं पेन उचलून एक ळ काढायचे कष्ट मी कधी घेतले नाहीत. ढवळे हे नाव खऱ्या रूपात कुठे असलंच तर ते त्यांच्या निबेत होतं.

नागपूरच्या प्रेसमधून आलेखांचे नमुने तपासायला आले आणि हिरामणजी शनिवारी मला म्हणाले, "श्रीधरबाबू, उद्या घरी या न. वत्सलाले दाखवाचं हाय नाव. तुम्ही असले तं बरं वाटन."

त्यांचं घर सावरगावात, जाम नदीच्या पलीकडे. पुलावरून चालत पंधरा मिनिटं. एकोणीस वर्षांत मी त्यांच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. कारण काय, असं कोणी विचारलं तर मी वेळ मिळाला नाही असं सांगत असे. कारण ते नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

घर लहान, शेणाने स्वच्छ सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. वत्सलाबाईंनी चहा केला आणि मी तो प्यालो. त्यांचा भाऊ भाऊराव मोहगावहून मृग बहराची संत्री घेऊन आला होता. त्याचा दोनशे झाडांचा बगीचा आहे. हिरामणजींनी शेवटचं पान उघडून वत्सलाबाईंसमोर धरलं. वाटाण्याएवढी अक्षरं होती, 'रेखाटन : हिरामण ढवळे'.

वत्सलाबाईंना वाचता येत नव्हतं. पण त्यांनी बरोबर ळ वर बोट ठेवलं. "हे तुमचं. बाकीचे लोकायत मिसयून जातेत, हे गाठ मारल्यावानी दिसते."

"पाह्यलं का, बाबू?" हिरामणजी हसले. "एवढं एकच अक्षर येते तिले."

भाऊराव तोवर आतली पानं चाळत होता. सातव्या आलेखाशी तो थांबला आणि त्याचा चेहरा खुलला.

"हे बेस झालं, भाऊजी. वीस दिवसानं पाणी देल्लं तं फय कमी गयते म्हणा की. मी उगाच उन्हायाभर आठव्या दिवशी मोटर चालवून राहिलो होतो. विहिरीत पाणी हाय कुठी?"

"उलटं वाचून राहिला तू," हिरामणजी म्हणाले. "आठ दिवसानं देल्लं तं गय कमी होते."

"मी काहून उलटं वाचीन? खालची रेघ सलग. अन् चौकटीत तुम्हीच लिहेल हाय, सलग म्हणजे वीस दिवस, तुटक म्हणजे आठ."

हिरामणजींनी कागद घेतला आणि अंगणात उन्हात गेले. मी मागोमाग गेलो. कागद त्यांनी डोळ्यांपाशी नेला, मग दूर नेला, मग मान वाकडी करून एका डोळ्याने पाहिला.

"श्रीधरबाबू, वरची रेघ तुटक हाय का?"

"हो."

"अन् चौकटीतली पहिली?"

"सलग. तिच्यापुढे वीस दिवस लिहिलं आहे."

त्यांनी कागद खाली घेतला. मग हळूच म्हणाले, "मले दोन्ही सलगच दिसून राहिल्या."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दिवाळीपासून त्यांना धूसर दिसत होतं आणि त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आलेखाच्या रेघा जयश्री मॅडम जाड पेन्सिलीने आखून देत, त्यावरून त्यांचा हात सवयीने चाले. चौकट मात्र ते चिठ्ठीवरून करत आणि चिठ्ठी होती मॅडमच्या मुंगीसारख्या अक्षरात. ती त्यांनी अंदाजाने वाचली होती.

परत येताना ते पुलापर्यंत मला सोडायला आले. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं.

"हे पहा हिरामणजी, छपाई अजून व्हायची आहे. उद्या मी चिठ्ठी वाचून दाखवतो, तुम्ही ती चौकट गुपचूप बदलून टाका. कोणी विचारलंच तर प्रेसवर ढकलू. महिनाभराचा तर प्रश्न आहे."

"हे एक भाऊरावच्या हाती सापडलं. बाकीच्या दहात काय हाय, कोणाले मालूम?"

"मी तपासतो."

"तुम्ही टायपिंगवाले. रेघेतलं तुम्हाले काय समजते?" हे ते रागाने बोलले नाहीत, पण मला ते लागलं. मग म्हणाले, "पाणी कमी द्या म्हटलं का सारेच आयकतेत, बाबू. भाऊरावचा चेहरा पाह्यला न तुम्ही? लोक माह्या अक्षरावर भरोसा ठेवून झाडं वायवतीन. एक झाड पाच वर्षं पोसा लागते, तवा फय देते."

"मग नाव जाईल तुमचं."

"जाईन," ते म्हणाले आणि वळून घराकडे चालू लागले. पुलाच्या कठड्याला त्यांनी हात लावून ठेवला होता. पूर्वी ते असे चालत नसत, हे मला तेव्हा दिसलं.

सोमवारी त्यांनी साहेबांच्या खोलीत उभं राहून सगळं सांगितलं. डोळ्यांचंही. साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "आकृत्या आता मशीनवरच काढू, दुसरा इलाज नाही. पण नाव राहू द्या की. तीस वर्षं केलंत."

"ह्या अकरा आकृत्या मी काढल्या नाही, साहेब. ज्यानं काढल्या नाही त्याचं नाव कसं राहीन?"

ते असं म्हणणार हे मला आधीच कळलं होतं आणि तरी मला त्यांचा भयंकर राग आला. एवढा ताठा कशासाठी? अर्धी दुनिया दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव घालून फिरते. मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही.

मॅडमनी दोन दिवसांत अकराही आलेख मशीनवर काढले. पहिला घेऊन त्या हिरामणजींकडे आल्या. त्यांना तो दिसणार नाही हे ठाऊक असूनही आल्या, हे मी त्यांच्या बाजूने सांगून ठेवतो.

"तुटक रेघेत फट किती ठेवली?" हिरामणजींनी विचारलं.

"मशीनमध्ये जेवढी आहे तेवढीच."

"दुप्पट करा. छापताना चित्र लहान होऊन तिसरा हिस्सा राह्यते. बारीक फट शाईनं बुजून जाते अन् तुटकाची सलग होते. मंग पुन्हा माह्यावानीच घोटाया."

मॅडमनी ते लिहून घेतलं आणि सगळ्या तुटक रेघा नव्याने काढल्या. शुक्रवारी त्या पुन्हा आल्या. अकरा कागद, आणि प्रत्येकावर मधेमधे कोऱ्या जागा.

"हिरामणजी, ळ राहिले."

"मले डोये नाही, मॅडम."

"हात आहे न. जागा मी दाखवते."

त्यांनी खुर्ची शेजारी ओढली, हिरामणजींच्या पेनाचं टोक धरून कोऱ्या जागेवर टेकवलं आणि हात काढून घेतला. हिरामणजींनी डोळे मिटले. डाव्या बाजूचं वळण, मग उजव्या बाजूचं, मग दोन्हींना बांधणारी गाठ. 'ओळख' मधला एक, 'फळगळ' मधले दोन. असं अकरा वेळा चाललं. मी टायपिंग थांबवून पाहत होतो.  शेवटचा ळ झाल्यावर त्यांनी निब पुसली, शाईच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती मॅडमच्या हातात दिली.

त्या वर्षी फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा होता. त्यांच्या कार्यमुक्तीचा आदेश मी टाइप करत होतो. 'हीरामन ढव' एवढं ठोकलं आणि हात थांबला. एका अक्षराची जागा सोडून मी पुढे गेलो. कागद त्यांच्यापुढे ठेवला, शेजारी माझं पेन ठेवलं आणि कोऱ्या जागेवर त्यांचं बोट नेऊन टेकवलं.

"हे काय, बाबू?"

"तुमचं अक्षर आहे. मीच खाल्लं होतं इतकी वर्षं. चूक झाली."

त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. त्यांना बरं वाटलं असावं, कारण चेहरा जरा हलला. पण पेन उचललं नाही.

"पेन्शन कोणाले भेटते? ढवलेले. मंग ढवलेच राहू द्या. तुमच्या ळ पायी वत्सलाले भोपायच्या चकरा नाही माराले लावाच्या."

मी कागद परत मशीनमध्ये चढवला आणि त्या जागी ल ठोकला. इतकं जड अक्षर मी पुन्हा कधी ठोकलं नाही.

पुस्तिका मार्चच्या शेवटी आली. मी दोन प्रती घेऊन सावरगावला गेलो. डोळ्यांच्या ऑपरेशनचं सरकारी शिबिर व्हायला अजून अवकाश होता. हिरामणजी अंगणात बाजेवर बसले होते. भाऊराव आला होता. त्याने आधी सातवा आलेख उघडला आणि मोठ्याने वाचला. आठ दिवसांनी पाणी दिलेल्या झाडांची फळगळ कमी. रेघा स्वच्छ आल्या होत्या, तुटक ती तुटक आणि सलग ती सलग.

"म्हणजे मोटर चालवाच लागते," भाऊराव म्हणाला.

"चालवा लागते," हिरामणजी म्हणाले.

वत्सलाबाईंनी पुस्तिका घेतली. शेवटच्या पानावर बोट फिरवत गेल्या, मग उलटून पुन्हा फिरवत आल्या. तिथे केंद्राचा पत्ता होता, साहेबांचं नाव होतं, मॅडमचं होतं. मी खाली पाहत राहिलो.

"तुमचं कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

"दे इकडं," हिरामणजी म्हणाले. त्यांनी पान मागे उलटवून घ्यायला भाऊरावला सांगितलं, सातव्या आलेखावर हात सपाट ठेवला आणि खालच्या चौकटीचा अंदाज घेत बोट टेकवलं. "हे पाय. इथी."

बोट चौकटीच्या बाहेर, कोऱ्या कागदावर टेकलं होतं. वत्सलाबाई जवळ वाकल्या. मशीनच्या सरळ, एकसारख्या अक्षरांत एक अक्षर जरा डावीकडे कललेलं होतं. त्यांनी ते ओळखलं. मग नवऱ्याचं बोट धरलं आणि अर्धा इंच सरकवून त्या गाठीवर नेऊन ठेवलं.