खरेदीदाराचं नाव

आई जाऊन महिना व्हायच्या आत पक्षाचे सचिव घरी आले. लहानपणापासून मी त्यांना काकाच म्हणते. त्यांच्या हातात एक मसुदा होता. चित्रांच्या खरेदी-विक्रीवर आर्थिक नियंत्रण हवं, ही पक्षाची भूमिका. नावापुरत्या कंपन्या काढून चित्रांत काळा पैसा मुरवणारे, पेटी न उघडताच आतलं चित्र पुन्हा पुन्हा विकणारे, अशांना चाप लावायचा. हा मसुदा लिहिला होता आईने. ती चित्रकार होती आणि पक्षाची जुनी सभासदही. आता पत्रकारांसमोर तो मी वाचावा, अशी काकांची इच्छा होती.

मी वाचून पाहिला.

"काका, चौथं कलम कुठाय?"

"कुठलं गं?"

"चित्र कुणी घेतलं ते चित्रकाराला सांगितलंच पाहिजे, हे. जेवताना आई दुसरं बोलायची नाही."

"कार्यकारिणीने मसुदा जरा आटोपशीर केला."

"बाकीचं पाल्हाळ तसंच आहे की!"

काकांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "पोरी, दुःखात माणसाला सगळीकडे काळंबेरं दिसतं."

पक्षनिधीसाठी दरवर्षी चित्रांची विक्री व्हायची. आई त्यात एक चित्र द्यायची, जुन्या निळ्या चादरीच्या पट्ट्यांनी करकचून बांधून. गाठ अशी की कापल्याशिवाय सुटू नये. चित्र हमखास जायचं. कुणी घेतलं विचारलं, की काका म्हणायचे, "साधी माणसं आहेत, नाव नको म्हणतात." आई त्यावर समाधान मानायची. "एखाद्या नर्सच्या स्वयंपाकघरात असेल बघ," म्हणायची, "तेलाचे शिंतोडे उडत असतील. उडू देत."

निघताना काका दारात थांबले. "उरलेली चित्रं इथे ओलीत ठेवू नकोस. मामाच्या गोदामात कोरडी राहतील."

माझ्या मनात पाल चुकचुकली. मामा चित्रांचा बडा दलाल. गिऱ्हाइकांची नावं लपवतो म्हणून आईने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. काका तर त्याला भर सभेत झोडायचे. त्याचं गोदाम कोरडं आहे, हे त्यांना कुठून कळलं?

मामाने मला पाहून आश्चर्य दाखवलं नाही. "काय गं, अखेर पाय लागले!" म्हणाला आणि स्वतःच गोदाम उघडलं. आत दमटपणा शोषणारं यंत्र घरघरत होतं. शेवटच्या मांडणीवर निळ्या पट्ट्या दिसल्या. काही विटलेल्या, काही ताज्या. एकही गाठ कापलेली नव्हती.

"सगळी तूच घेतलीस?"

"दुसरं कुणी घेत नव्हतं. पहिल्याच वर्षी चित्र पडून राहिलं, तेव्हा तुझ्या काकांनी मला फोन केला. त्यांना निधी हवा होता, मला बहीण."

"आईला माहीत होतं?"

"माहीत असतं तर हे एकही इथे राहिलं असतं? तुला तुझी आई ठाऊक नाही होय?"

"मग उघडून का नाही पाहिलीस?"

"हात न लागलेल्या मालाला भाव येतो." तो यंत्राच्या काट्याकडे बघत होता. "आता ती नाही म्हटल्यावर जास्तच येईल."

बहीण खरी की भाव खरा, मला त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"एक मला दे."

"घेऊन जा की."

"विकत."

"भाचीकडून पैसे घेऊ?"

"घे. आणि पावतीवर माझं पूर्ण नाव लिही."

त्याने लिहिलं. किंमतही चोख लावली.

पत्रकारांसमोर मी मसुदा वाचला. तिसऱ्या कलमानंतर न थांबता आईचं चौथं वाचलं. त्यात एक शब्द माझा घातला: खरेदीदाराचं नाव चित्रकाराला हयातीत सांगितलं पाहिजे. ते कळून आई सुखात राहिली असती का, मला माहीत नाही. पण ते तिचं तिने ठरवायचं होतं. शेजारी बसलेल्या काकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

घरी येऊन मी गाठी कापल्या. चित्र स्वयंपाकघरात लावलं आहे, शेगडीच्या अगदी जवळ.