गाडी कोण हाकत होतं?

आमच्या व्यंकटला दारू पिल्याची लाज न्हाई. बैलानं वाट चुकवली याचा मात्र भारी राग. बाजाराहून आल्यापासून ओसरीवर बसून एकच धरून राहिलाय, "माय, बैल खोडीचा निघाला. मला फसवलं त्यानं." बैलानं फसवलं! जसं काही पाखऱ्यानंच याच्या हाताला धरून शिंदीखान्यात नेलं आन बळंच तोंडाला लोटा लावला.

व्यंकट माझा एकुलता एक. त्याचे वडील किसनराव गेले तवापासून शेत, गोठा, गडीमाणसं सगळं मी पाहते. माझी सही विळ्यासारखी वाकडी येते, पण तिच्यावर कोणी बोट ठेवत न्हाई. गावात मला द्वारकाबाई म्हणतात ते तोंडावर. मागं काय म्हणतात ते मला ठाऊक हाय, आन मला त्याचं काही वाईट वाटत न्हाई.

तर आमच्याकडं बाजाराची रीत अशी. सकाळी बाप्यांनी गाडी जुंपून हिंगोलीला जायचं. मीठ, मिरची, मिळालं तर घासलेट गाडीत टाकायचं. मग शिंदीखान्यात बसायचं, ते डोळे लाल होईस्तवर. मग कासरा पुढं बांधून टाकायचा आन मागं गाडीच्या साट्यात आडवं व्हायचं. बैल घर धरतात. दिवस मावळायच्या आत रस्त्यानं गाड्यांची रांग लागते, पण पुढं हाकणारा धुरकरी म्हणून एक माणूस बसलेला दिसत न्हाई. नुसते पाय दिसतात, मागं लोंबकळलेले. बाया दारात उभ्या राहून पायांवरून आपापला नवरा ओळखतात.

यात कोणालाच काही वावगं वाटत न्हाई. उलट फुशारकी! ज्याचे बैल न चुकता दारात येतात तो मोठा कास्तकार. सोयरीक पाहायला आलेला पाव्हणा गोठ्यात जाऊन विचारतो, "बैल घर धरतात ना?" म्हंजे जावई पितो हे धरूनच चालतात, बैलापाशी तेवढी खातरजमा करून घेतात.

आमची जुनी जोडी अशीच शहाणी होती. त्यातला एक पोळ्याच्या आधी गेला. त्याच्या जागी व्यंकटनं सेनगावच्या रस्त्यावरल्या उकंडरावाकडून पाखऱ्या घेतला. तरणाताठा, पांढराशुभ्र. मी त्याला पाहिलं आन तवाच म्हणाले, "व्यंकट, हा अजून आपला झाला न्हाई. उभा आपल्या गोठ्यात हाय, पण तोंड सेनगावाकडं करून उभा हाय."

तो हसला. "माय, तू बी काय! चार बाजार केले की शिकतो."

चार कशाला, पहिल्याच बाजाराला याला झोप काढायची होती.

झालं ते असं. हिंगोलीच्या वेशीबाहेर आडकाठी टाकलेली असते. लढाई चालू, धान्य चोरून बाहेर जाऊ नये म्हणून पोलिसाचा जवान तिथं गाड्या तपासतो. रामसिंग त्याचं नाव. त्यानं आमची गाडी पाहिली, मालक आत घोरून राहिलेले पाहिले, आडकाठी वर केली. पुढं फाटा लागला. आमचा म्हातारा बैल आमच्या वाटंला वळाया लागला, पाखऱ्यानं मान घातली सेनगावाकडं. तरण्यापुढं म्हाताऱ्याचं काय चालतं? गेली गाडी.

त्या रस्त्याला मसाजी धनगर मेंढरं घेऊन चालला होता. दर सालाला आमच्याच वावरात त्याची मेंढरं बसतात, रात्रभर खत देतात. आपल्या घरचाच माणूस. एक कोकरू गाडीच्या चाकोरीत घुटमळलं. मसाजीनं हाका मारल्या, "ओ धुरकरी! ओ मालक!" धुरकरी असता तर थांबला असता. मसाजीनं उडी घेऊन कोकरू उचललं, आन चाक त्याच्या नडगीवरून गेलं.

गाडी पुढं जाऊन उकंडरावाच्या गोठ्यात, पाखऱ्याच्या जुन्या खुंट्यापाशी उभी राहिली. आमचे चिरंजीव तिथं जागे झाले. उकंडरावाच्या बायकोनं भाकर-पिठलं वाढलं ते खाल्लं. सकाळी घरी येऊन वाट चुकल्याची गोष्ट मला बैलाला शिव्या घालत सांगितली. मसाजीचा पाय मोडलाय हे त्याला माहीतच नव्हतं.

ते कळलं दुसऱ्या दिवशी. मसाजीला बाजेवर घालून माणसांनी आमच्या अंगणात आणला. पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. संगं त्याची बायको अनुसया, आन मागून चौकशीला आलेला जवान. कोण? तोच रामसिंग.

"अम्मा, गाडी तुमची?"

"व्हय."

"हाकत कोण होतं?"

व्यंकट खांबाला टेकून नखं पाहून राहिलेला. शेवटी म्हणाला, "कोणी न्हाई. बैल आपले येऊन राहिले होते."

"हां, मग कसूर जानवर का," रामसिंग म्हणाला. त्याला बरंच हलकं वाटलेलं दिसलं.

"बैल उद्याच विकून टाकतो," व्यंकटला एकदम जोर आला. "आन मसाजीला जवारीचं पोतं देतो. मिटलं."

आन मसाजी! बाजेवर पडल्या पडल्या हात जोडून म्हणतो काय, "मालकाचा काय गुन्हा माय. मालक तर झोपेत होते. चाक गेलं तवा गाडीला हिसका बसला, तर ते कुशीवर वळून म्हणाले, 'हळू रे.'"

माझ्या अंगाची लाही झाली. जवान म्हणतो बैलाचा कसूर, लेक म्हणतो बैलाचा कसूर, आन ज्याचा पाय मोडला तो म्हणतो मालक झोपले होते! म्हंजे जागा राहून केलं तर गुन्हा, पिऊन झोपलं की माफ. मग अख्ख्या गावानं पिऊनच काय करायचं ते करावं.

अनुसया एवढा वेळ पदर तोंडाशी धरून उभी होती. ती म्हणाली, "मालकीणबाई, जवारी ठेवा तुमच्या कोठीत. मेंढरं कोण चारील ते सांगा. लेकरं न्हानी हायत माझी. कालपासून मेंढरं मेंढवाड्यात कोंडलेली, ओरडून ओरडून त्यांचे गळे बसले. अशीच राहिली तर मरतील, न्हाईतर ज्याला पाहिजे त्याला देऊन टाकावी लागतील. मग आमी काय करायचं?"

बरोबर विचारलं बाईनं. एवढ्या माणसांत तिनं एकटीनंच कामाचं विचारलं.

मी रामसिंगाकडं वळले. "जमादार, त्या दिवशी आडकाठी कोणी वर केली?"

"मैंने, अम्मा."

"गाडीत पायलीभर जवारी लपवलेली असती तर काय केलं असतं?"

"गाडी रोक लेता."

"आन आत माणूस शिंदी पिऊन मुडद्यावानी पडलाय, पुढं कासरा धरायला कोणी न्हाई, ते न्हाई दिसलं?"

"मालक लोगों की गाडी, अम्मा. और बैल शरीफ दिख रहे थे."

"बैल शरीफच होते. मी बैलाचं विचारत न्हाई."

गड्यांमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. व्यंकटचा चेहरा उतरला. "माय, घरातली गोष्ट हाय. जवानासमोर काहून..."

खरं सांगते, मलाबी तेच वाटत होतं. भिंतीपलीकडून बायांची डोकी दिसून राहिली होती. किसनरावाचा लेक पिऊन पडला आन माणसाच्या पायावर गाडी घातली, हे एकदा माझ्या तोंडून निघालं की संध्याकाळपर्यंत कनेरगाव नाक्यापर्यंत जाणार. बैल विकला की सगळं झाकून जात होतं. मसाजी तर हात जोडून झाकायला मदत करत होता.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आमची सून मनकर्णा बाहेर आली. चार माणसांत कधी तोंड न उघडणारी पोरगी. कडेवर नातू. ती म्हणाली, "आत्याबाई, पुढच्या बाजारी मला माहेरी सोडायचं ठरलंय. लेकराला घेऊन याच गाडीत बसायचं हाय मला. नवा बैल घेतला तर तो कोणाच्या गोठ्याला जाईल, तेवढं आधी विचारून ठेवा."

एवढं बोलून लेकराची कुंची नीट केली आन उभी राहिली. आत गेली न्हाई.

मग मी उठले. बाजेपाशी जाऊन मसाजीचे जोडलेले हात सोडवले. रामसिंगाला म्हणाले, "तुमच्या ठाण्याच्या अमीनसाहेबाला सांगा, गाडी व्यंकट किसनराव हाकत होता."

"माय! मी झोपलो होतो!"

"झोपून हाकत होता, हे बी सांगा. आन त्याच्या आईनं सांगितलं म्हणून सांगा. आडकाठी कोणी वर केली ते सांगायला विसरू नका."

रामसिंगानं मान खाली घातली. व्यंकट माझ्यापुढं आला. आता त्याचा आवाज लेकरावानी झाला होता. "माय, सगळेच पितात. सगळ्यांचेच बैल घरी आणतात. मीच काय वेगळं केलं?"

लोक ऐकून राहिले होते. ऐकू दे, मी म्हणाले मनात. मी आवाज अजून चढवला, भिंतीपलीकडं जाईल असा:

"काही वेगळं न्हाई केलंस, म्हणूनच तर तुला सांगते. अमीन जो दंड करील तो तू भोगशील, ते त्याचं झालं. आता माझं ऐक. पाखऱ्या विकायचा न्हाई. त्या गाडीला शुद्धीवर असलेले जीव म्हंजे दोन बैलच होते, आन तो बिचारा आपल्या जुन्या घरी गेला. मसाजीचा पाय भुईला टेकून तो चालाया लागेपर्यंत त्याची मेंढरं तू चारायची, पायी. आजपासून, आत्तापासून. अनुसया दाखवील कुठं न्यायची ते, आन ती सांगेल ते मुकाट्यानं ऐकायचं. आन गाडीचा कासरा मनकर्णेच्या हातात. तिनं बापाच्या मोटंवर बैल हाकलेत, आन ती पीत न्हाई. तुला बाजाराला जायचं असंल तर जा, मी अडवत न्हाई. पण मागं साट्यात बसायचं, बायांमध्ये, मिठाच्या पोत्याला टेकून. आन पाय आत घेऊन बसायचं, व्यंकट. रस्त्यावर माणसं चालतात."