दुपारचं पाणी

नकली पाणबुडी दुसऱ्यांदा आमच्या आठ सेन्सरांमधून निघून गेली आणि लॅपटॉपवरच्या आठांपैकी एकही रेघ हलली नाही.

"तेजश्री, सकाळी सगळं पकडतं म्हणालात." मानसिंग सर पुण्याहून चाचणी बघायला आले होते. "आता शेवटची फेरी. नाही जमलं, तर जागा ठरवायचं काम पुण्याची टीम करेल."

हिप्परग्याच्या तळ्यात पाण्याखालचे आवाज ऐकणारे हे सेन्सर कुठं आणि किती खोल टांगायचे, हे दोन महिने मीच ठरवत होते.

फोन थरथरला. सासूबाई.

"परत उठलीया गं. बाटली तोंडात धरंना. कवा येतीस?"

"आलेच आई."

मागचं लेकीचं रडणं ऐकलं आणि पान्हा फुटला. ओढणी पुढं ओढून मी होडीत चढले. होडी नबीसाब चाचांची. ते इथंच मासे धरतात. सेन्सरची दोरी तपासायला हात घातला, तर पाणी चांगलंच कोमट.

"सकाळी असं नसतं ना, चाचा?"

"सकाळी कशाला असंल? तुमी दुपारी आलात तरी कधी?" ते हसले. "वरचं पाणी तापलं की मासळी बी खाली दडती. तुमची पाणबुडी काय येडी हाय व्हय, वर यायला?"

आवाजही खालच्या गार पाण्याकडंच वळतो, वर टांगलेल्या सेन्सरांपर्यंत पोचत नाही. शिकले होते की मी हे! पण माझी सगळी मोजमापं सात ते दहा. अकराला लेक उठते ना.

सेन्सर बिघडला म्हणता आलं असतं. होडीतूनच ओरडले, "सर, खोली चुकली! दुपारचं मी मोजलंच नाही!"

"का?"

"मुलगी अंगावर पिते! अकराच्या आत घरी जायचे!"

काठावरची सगळी माणसं बघायला लागली. सरांनी घड्याळ बघितलं. "वीस मिनिटं."

चाचा आणि मी दोऱ्या सोडत सुटलो, एकेक चार हात खाली. पाचच झाल्या.

काठावर लॅपटॉपपाशी परतले. तिसरी फेरी. फोन वाजून वाजून थांबला. मग एक रेघ उठली, दुसरी, तिसरी... खाली सोडलेल्या पाचही. वर राहिलेल्या तिन्ही सपाट.

"सगळं परत मोजावं लागेल," सर म्हणाले. "दुपारी जमेल?"

मी घरी फोन लावला. "आई, रिक्षा करा आणि हिला घेऊन तळ्यावर या."

"या उन्हात? डोकं फिरलंय का तुझं?"

"चाचांच्या झोपडीत सावली आहे. टोपडं घाला तिला. आणि उद्यापण यायचंय."