पलीकडे नेऊ नका

वडिलांचं फ्रेमचं दुकान विकायचं की राखायचं, यावरून ताई आणि बाळ्या एकमेकांशी बोलेनासे झाले होते. वडील मृत्युपत्र न करताच गेले. "दुकान काय, पोराचंच की," असं ते येताजाता म्हणत, आणि लिहून ठेवायचा विषय निघाला की लगेच चष्मा पुसायला घेत. बाळ्या आजही तिथेच फ्रेमा जोडत होता. ताईने आपला अर्धा वाटा मागितला, आणि तो द्यायचा तर दुकान विकण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. कोर्टाची पायरी चढण्याआधी मध्यस्थाकडे बसून बघा, असं शेवटी वकिलानेच सुचवलं.

मध्यस्थ बाई वयस्कर होत्या, बोलायला मऊ. त्यांनी आधी दोघांना एका टेबलाशी बसवलं, पण चहा निवायच्या आत शब्दाला शब्द वाढला. मग बाईंनी त्यांना दोन खोल्यांत वेगळं केलं आणि स्वतः मधल्या बोळातून ये-जा सुरू केली. त्यांचा एक नियम होता. एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत न्यायचं ते विचारूनच. दर वेळी उठताना त्या म्हणत, "यातलं काय पलीकडे नेऊ?"

ताईने वाट्याचं नेऊ दिलं, किमतीचं नेऊ दिलं. मग बाईंनी सहज विचारलं, तुम्हाला त्या दुकानाचं एवढं काय आहे? आणि ताईच्या तोंडून इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडलं. काच कापायला वडिलांनी दोघांनाही शिकवलं होतं. हिरा काचेवरून एकदाच ओढायचा, मागे फिरायचं नाही, नाहीतर काच दगा देते. ताईची रेघ दोरी ताणल्यासारखी जायची. बाळ्याची बोटं कायम चिंध्यांत, आणि त्या चिंध्याही ताईनेच फुंकर मारून बांधलेल्या. तरी गल्ल्यावर बसवलं त्याला आणि तिला पाठवलं सासरी. याबद्दल घरात कुणी कधी अवाक्षर काढलं नाही.

"मला पैसे नकोत हो," ती म्हणाली. "'ताई, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता,' एवढं त्याने एकदा म्हणावं. सगळं दुकान त्याच्या नावावर करून देईन."

"हे नेऊ पलीकडे?"

"अजिबात नाही. मागून घेतलेलं काय कामाचं? त्याला आपणहून सुचू दे."

बाईंच्या चपला बोळातून पलीकडे गेल्या आणि बऱ्याच वेळाने परतल्या. बाई दारातच थांबल्या. मघाचं ते खरंच नको ना न्यायला, असं त्यांनी पुन्हा विचारलं. निदान पाच मिनिटं समोरासमोर बसा, काही गोष्टी माझ्या तोंडून यायच्या नसतात, असंही म्हणाल्या. ताईच्या नाकावर राग बसलेलाच होता. बसायचं असेल तर त्याने यावं, ती म्हणाली. तो आला नाही. संध्याकाळी दोघांनी एकमेकांकडे न बघता सह्या केल्या. दुकान विकायचं, निम्मं निम्मं.

दुकान रिकामं करायच्या दिवशी विकत घेणाऱ्याची माणसं किल्लीसाठी बाहेर ताटकळत होती. आत एक मोठी काच तेवढी उरली होती, आणि ती टेम्पोत मावत नव्हती. बाळ्याने खिशातून वडिलांचा हिरा काढला, क्षणभर हातात फिरवला आणि तिच्यापुढे धरला.

"तूच काप. माझ्या हातून वाकडी जाईल. तुझ्यासारखा हात मला कधी जमलाच नाही."

ताईने हिरा हातात घेतला. "हे त्या दिवशी का नाही बोललास?"

"बोललो की. मॅडमना सांगितलं, हात ताईचाच, मी आपला गल्ल्यावरचा देखणा चेहरा." तो हसला, पण ते हसू ओठांतच राहिलं. "पलीकडे नेऊ नका म्हटलं. म्हटलं, कळलं तर कापायचं टेबलही मागेल."

मग त्या दिवशी आपण बाईंना काय म्हणालो होतो, हे ताईने त्याला सांगितलं. बाळ्याने काचेवरचा भुसा हाताने झाडला. बाहेरच्यांनी दारावर टकटक केली.

तिने काचेला पट्टी लावली आणि हिरा एकदाच ओढला. पलीकडची कड बाळ्याने दोन्ही हातांनी धरली होती, लहानपणी धरायचा तशीच, जीभ दातांत पकडून. काच रेघेवर सरळ मोडली. हिरा पुसून ती त्याला परत द्यायला लागली.

"ठेव तुझ्याकडेच," तो म्हणाला. "नव्या नोकरीत काच कापूनच येते."